पुण्याच्या हवेतला काळा कार्बन : वणवा, राब आणि डिझेलच्या धुराची मोजणी

३ फेब्रुवारी २०२५

फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत पुण्याच्या हवेत जो काळा कार्बन, म्हणजे अर्धवट जळणातून निघणारी काजळी, असतो, त्यात शहरातल्या वाहनांचा वाटा किती आणि सह्याद्रीच्या उतारांवरचे वणवे, मुळशी-मावळातले राब (भाताची रोपे टाकण्याआधी त्या जागेवर पालापाचोळा जाळून केलेली भाजणी) व पूर्वेकडच्या फडांत जळणारे उसाचे पाचट यांचा वाटा किती, हा या प्रकल्पाचा प्रश्न आहे. पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रोमीटरपेक्षा बारीक कणांचे आकडे पुणेकरांना ‘सफर’ या सरकारी हवा-मोजणी यंत्रणेच्या केंद्रांमुळे २०१३ पासून मिळत आहेत, परंतु त्या एका वजनात रस्त्याची धूळ, सल्फेट, सेंद्रिय कण आणि काजळी हे सगळेच मिसळलेले असते. दिवसभराच्या सरासरीसाठी दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम हे आपले राष्ट्रीय मानकही त्या एकत्रित वजनाचेच आहे. काळ्या कार्बनसाठी देशात वेगळे मानक नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही त्याला मर्यादा घातलेली नाही. त्याची पद्धतशीर मोजणी करावी आणि उत्सर्जनाच्या याद्या तयार कराव्यात एवढीच शिफारस केली आहे.

हा कण वेगळा काढून मोजण्याचे कारण असे की तो प्रकाश परतवत नाही, तर शोषून घेतो आणि भोवतालची हवा तापवतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जागतिक आढाव्यात त्याचा तापवणारा परिणाम दर चौरस मीटरला १.१ वॅट इतका धरला होता आणि अनिश्चिततेची मर्यादा ०.१७ ते २.१ अशी दिली होती. ही मर्यादा इतकी रुंद आहे, याचाच अर्थ ठिकठिकाणी जमिनीवर काळजीपूर्वक केलेल्या मोजणीला अजून मोल आहे. शिवाय हा कण हवेत साधारण आठवडाभरच टिकतो. कार्बन डायऑक्साइड कमी केल्याचा परिणाम दिसायला पिढ्या जातात, तर काजळी कमी केल्याचा परिणाम त्याच हंगामात दिसू शकतो.

५ फेब्रुवारी २०२५

काजळी मोजणारे सात तरंगलांब्यांचे एथॅलोमीटर हे यंत्र विभागाच्या गच्चीलगतच्या खोलीत बसवले. हवा आत घेणारी नळी उपाहारगृहाच्या धुराड्यापासून आणि जनरेटरपासून जितकी दूर नेता येईल तितकी नेली आहे. नळी धातूची घेतली आहे, कारण साध्या प्लॅस्टिकच्या नळीत स्थिर विद्युतभारामुळे कण भिंतीला चिकटून राहतात. तोंडाशी २.५ मायक्रोमीटरपेक्षा मोठे कण गाळणारे सायक्लोन आणि कीटकांसाठी बारीक जाळी आहे. सकाळच्या दमट हवेने फिल्टर ओलसर होऊन वाचन बिघडू नये म्हणून मध्ये हवा कोरडी करणारी नळी जोडली आहे.

यंत्राचे काम सांगायला सोपे आहे. मिनिटाला ५ लिटर हवा एका पांढऱ्या फिल्टर पट्टीतून ओढली जाते, पट्टीवर काजळीचा ठिपका साचत जातो आणि त्यातून आरपार जाणारा प्रकाश दर मिनिटाला किती मंद झाला ते ३७० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशापासून ९५० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशापर्यंत सात रंगांत नोंदले जाते. काळ्या कार्बनचा आकडा ८८० नॅनोमीटरवरून काढतात, कारण तिथे काजळीखेरीज बाकीचे कण फारसा प्रकाश शोषत नाहीत. ठिपका फार काळा झाला की पट्टी आपोआप पुढे सरकते.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी लिहून ठेवणे आवश्यक वाटते. हे यंत्र वजन करत नाही, ते अंधार मोजते. त्या अंधाराचे वजन करायचे तर दोन गुणांक वापरावे लागतात. एक म्हणजे एक ग्रॅम काजळी किती चौरस मीटरचा प्रकाश अडवते, हा आकडा ८८० नॅनोमीटरला ७.७७ धरतात, दुसरा म्हणजे फिल्टरच्या तंतूंमध्ये प्रकाश इकडेतिकडे विखुरल्याने शोषण किती फुगते, तो आमच्या पट्टीसाठी १.३९ आहे. ठिपक्याचे क्षेत्रफळ ०.७८५ चौरस सेंटिमीटर आहे. म्हणजे गळती आणि साचलेल्या थराची दुरुस्ती बाजूला ठेवली, तर एका मिनिटात प्रकाश १ टक्क्याने मंद होणे म्हणजे दर घनमीटरला सुमारे १४.५ मायक्रोग्रॅम काळा कार्बन. १.३९ ऐवजी जुन्या पट्टीचा १.५७ हा गुणांक घातला, तर तोच अंधार १२.९ मायक्रोग्रॅमचा होतो. म्हणून प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला पट्टीचा प्रकार आणि गुणांक लिहायचे ठरवले आहे.

१२ फेब्रुवारी २०२५

गाळलेली स्वच्छ हवा सोडून शून्याची तपासणी केली आणि प्रवाह वेगळ्या मीटरने पडताळला. दोन्ही ठीक आहेत. शून्य तपासणीत काही मिनिटांचे आकडे उणे येतात. ते चुकीचे समजून पुसून टाकण्याचा मोह होतो, परंतु तो यंत्राचा स्वाभाविक गोंगाट आहे. केवळ उणे आकडे काढून टाकले तर उरलेली सरासरी नाहक वर सरकते. प्रकल्पातल्या विद्यार्थ्यांना हे समोर आलेख काढून दाखवले.

दिवसाचे स्वरूप पहिल्या आठवड्यातच स्पष्ट झाले आहे. सकाळी सात ते दहा या वेळात एक शिखर येते, दुपारी आकडा खाली जातो आणि संध्याकाळी पुन्हा चढून मध्यरात्रीपर्यंत रेंगाळतो. दुपारच्या उताराचे कारण वाहने कमी होणे हे नाही. ऊन तापले की जमिनीलगतचा हवेचा थर उंच होतो आणि तोच धूर अधिक जागेत पसरतो. रात्री थंड हवा शहराच्या खोलगट भागात बसते आणि थोड्या धुराचाही आकडा मोठा दिसतो. म्हणून ‘रात्री धूर वाढला’ असे वाक्य अहवालात सरळ लिहिता येणार नाही. धूर वाढला की छप्पर खाली आले, हे आधी पाहावे लागेल.

२१ फेब्रुवारी २०२५

काल दुपारी टेकडीच्या पश्चिम उतारावरचे वाळलेले गवत पेटले. ज्वाळा गच्चीवरून दिसत होत्या आणि वारा आमच्याच दिशेने होता. काही मिनिटांतच सातही रेषा वर गेल्या, पण ३७० ची रेषा इतरांना सोडून स्वतंत्रपणे उंच उठली. लाकूड, गवत, पाने जळतात तेव्हा काजळीसोबत तपकिरी सेंद्रिय द्रव्येही निघतात. ती लाल-अवरक्त प्रकाशाला जवळजवळ पारदर्शक असतात, मात्र निळा आणि अतिनील प्रकाश शोषतात. डिझेलच्या काजळीत ही द्रव्ये फार कमी. त्यामुळे रंगारंगांतल्या शोषणाचा उतार पाहून धुराचे कूळ ओळखता येते. या उताराला शोषण घातांक म्हणतात. तरंगलांबी निम्मी केली असता शोषण दुप्पट होत असेल तर घातांक १, चौपट होत असेल तर २. वाहनांच्या धुराचा १ च्या आसपास असतो आणि लाकडाच्या धुराचा त्याहून बराच जास्त.

या आगीने कूळ ओळखण्याची पद्धत पटली आणि लगेच तिची मर्यादाही दिसली. आज पहाटे चारच्या सुमारास ३७० ची रेषा तशीच वेगळी झाली, आणि टेकडीवर तर काहीच पेटलेले नव्हते. फाटकावरच्या सुरक्षारक्षक मामांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, पहाटे थंडी फार झोंबते, तेव्हा जरा पाला पेटवतो आम्ही. रोजच.” सकाळी झाडलोट झाल्यावर वाळक्या पानांचे ढीगही अनेक सोसायट्यांच्या कोपऱ्यांत पेटवले जातात. वणवा, शेकोटी आणि पानांचा ढीग यंत्राला एकाच कुळाचे दिसतात. त्यामुळे आजपासून एक धूरवही सुरू केली आहे. परिसरात जिथे धूर दिसेल त्याची वेळ, दिशा आणि काय जळत होते ते त्यात लिहायचे, आणि मामांनी शेकोटीची वेळ त्यात स्वतः लिहायचे कबूल केले आहे. या वहीला मी यंत्राइतकेच महत्त्व देते.

१५ मार्च २०२५

१३ तारखेची होळी ही आम्हाला आपोआप मिळालेली चाचणी होती. शहरभर एकाच संध्याकाळी लाकूड, गोवऱ्या आणि एरंडाच्या फांद्या पेटतात आणि त्याची वेळ सगळ्यांना ठाऊक असते. अंधार पडल्यावर घातांक चढू लागला आणि रात्री उशिरापर्यंत चढाच राहिला. १४ ला धुळवडीच्या सकाळी सुट्टीमुळे वाहने कमी होती, त्यामुळे ८८० चे नेहमीचे शिखर बुटके झाले, मात्र घातांक आदल्या रात्रीच्या धुराच्या अवशेषांमुळे अजून वरच होता. वाहनांचा आणि लाकडाचा धूर इतक्या स्वच्छपणे वेगवेगळा हलताना वर्षातून फार थोड्या वेळा दिसतो.

२२ मार्च २०२५

हा आठवडा यंत्राकडे न जाता गणितात गेला, आणि प्रकल्पाचा सगळ्यात महत्त्वाचा निष्कर्ष कदाचित इथेच आहे.

एकूण शोषणाचे दोन वाटे करायची सर्वमान्य पद्धत २००८ साली स्वित्झर्लंडमधल्या कामातून पुढे आली. त्यात दोन्ही धुरांचे घातांक आधी गृहीत धरावे लागतात; सहसा वाहनांच्या धुराचा १ आणि लाकडाच्या धुराचा २ धरतात. मग ४७० आणि ९५० नॅनोमीटरच्या शोषणांचे गुणोत्तर घेऊन साध्या दोन समीकरणांतून वाटा निघतो. यंत्रातही हीच जोडी आधीपासून भरलेली असते. पुढे २०१७ साली तिथल्याच संशोधकांनी फिल्टरवरच्या कार्बनमधला किरणोत्सारी कार्बन-१४ मोजून या जोडीची परीक्षा घेतली. खनिज तेल लक्षावधी वर्षे जमिनीखाली असल्याने त्यात कार्बन-१४ उरलेलाच नसतो, तर कालपरवा वाढलेल्या झाडात तो असतो. म्हणून ही कसोटी फार भक्कम आहे. तिच्यातून ०.९ आणि १.६८ ही जोडी अधिक जुळणारी निघाली.

आता समजा, आमच्या गच्चीवर एखाद्या संध्याकाळी घातांक १.३ आला. १ आणि २ ही जोडी वापरली तर ९५० नॅनोमीटरच्या शोषणात लाकूड-पाल्याच्या धुराचा वाटा २३ टक्के येतो. ०.९ आणि १.६८ वापरली तर तोच वाटा ४४ टक्के होतो. हवा तीच, यंत्र तेच, वाचन तेच. घातांक नेमका १ आला, तर पहिली जोडी सांगते की लाकडाचा धूर अजिबात नाही; दुसरी सांगते की १० टक्के आहे. ‘पुण्याच्या काजळीत इतके टक्के वणव्यांचे’ असा एकच आकडा वर्तमानपत्राला देणे सोपे आहे, परंतु त्या आकड्याच्या जवळजवळ निम्म्या भागाचा निर्णय आपण गृहीतकात आधीच केलेला असतो. शिवाय दोन्ही जोड्या युरोपातल्या थंडीत घरोघरी जळणाऱ्या लाकडावर बेतलेल्या आहेत. गवत, शेण, ऐनाचा पाला यांच्या धुराला त्या लागू आहेत असे समजायला आधार नाही. तो आधार आपल्या मातीतच शोधायला हवा, म्हणून पाच तरंगलांब्यांचे हातात मावणारे छोटे यंत्र घेऊन मुळशीत जायचे ठरले.

९ एप्रिल २०२५

ताम्हिणीच्या वाटेवरच्या एका गावात दोन दिवस राब भाजताना धूर मोजला. भाताची रोपे जिथे टाकायची त्या तुकड्यावर शेण, झाडांच्या छाटलेल्या फांद्यांचे कवळ, वाळका पातेरा आणि गवत असे थर रचतात आणि वरून बारीक माती पसरतात. मग वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून आग लावतात, म्हणजे ती पळत न जाता हळूहळू मागे सरकत राहते. ज्यांच्या शेतात मोजत होतो त्या आजींनी मला मातीचा थर बोटाने उकरून दाखवला आणि म्हणाल्या, “ताई, जाळ मोठा झाला तर वरची माती करपते, आतलं बी-बियाणं तणाचं तसंच राहतं. हे असं धुमसत राहिलं पाहिजे.” तण मरावे, माती भुसभुशीत व्हावी, राख मिळावी यासाठीची ही जुनी आणि विचारपूर्वक केलेली क्रिया आहे, तिला केवळ ‘प्रदूषण’ म्हणून निकालात काढणे मला योग्य वाटत नाही.

मोजणीच्या दृष्टीने त्या ‘धुमसत’ या शब्दातच उत्तर होते. मोठ्या ज्वाळेत काळा कार्बन अधिक तयार होतो. धुमसत्या जळणात तो कमी आणि तपकिरी सेंद्रिय द्रव्ये भरपूर असतात. राबाचा धूर डोळ्यांना पांढरट-पिवळसर दिसत होता आणि यंत्रात ३७५ चे शोषण ८८० च्या मानाने फारच मोठे होते. घातांक २ च्याही वर गेला. त्याच संध्याकाळी समोरच्या डोंगरावर गवताचा वणवा चढत होता. त्याचा धूर आमच्यापर्यंत आला तेव्हा घातांक राबापेक्षा स्पष्टपणे कमी होता आणि काळा कार्बन जास्त. दोन्ही आगी ‘वनस्पती जळणे’ या एकाच रकान्यात टाकल्या जातात, पण त्यांचे घातांक वेगळे आहेत. म्हणजे समीकरणातला दुसरा आकडा एक नाही. तो आगीच्या स्वभावाबरोबर बदलतो.

धुरात काळा कार्बन थोडा आहे म्हणून तो दुर्लक्षिण्याजोगा ठरत नाही, हेही इथे लिहून ठेवते. ऑगस्ट २०१७ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या वणव्यांवर उठलेल्या वादळी ढगांनी धूर १२ किलोमीटर उंचीपर्यंत नेला आणि त्यानंतर दोन महिन्यांत तो २३ किलोमीटरपर्यंत आपोआप चढला. त्या धुरात काळा कार्बन वजनाने फक्त सुमारे २ टक्के होता, पण त्याने ऊन शोषून भोवतालची हवा तापवल्यामुळे हे घडले. मुळशीतले धूर त्या उंचीला कधीच जाणार नाहीत. मात्र थोड्या काजळीत किती जोर असतो ते यावरून कळते.

वणव्यांविषयी गावात दोन मते ऐकली. जाळल्याने पुढच्या वर्षी गवत चांगले फुटते असे काही जण अजून मानतात, तर वन विभागाच्या जाळरेषांवर (आग पसरू नये म्हणून आधीच साफ केलेल्या पट्ट्यांवर) काम करणारे तरुण सांगतात की वरचा उतार उघडा पडून पहिल्याच पावसात माती वाहून जाते.

२९ एप्रिल २०२५

उपग्रहांनी टिपलेल्या आगींच्या नोंदी आमच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. उपग्रहांवरच्या व्हिअर्स या उपकरणाच्या चित्रातला एक चौकोन ३७५ मीटरचा असतो आणि ते उपग्रह आपल्यावरून दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. डोंगरावरचे मोठे वणवे त्यात दिसतात. आम्ही डोळ्यांनी पाहिलेला एकही राब त्यात नाही, आणि ते साहजिक आहे: मातीखाली धुमसणारा काही गुंठ्यांचा तुकडा त्या चौकोनाला जाणवण्याइतका तापतच नाही. केवळ उपग्रहाच्या ठिपक्यांवरून उत्सर्जनाची यादी केली तर राब तिच्यातून सबंध निसटेल.

उन्हाळ्याने आणखी एक अडचण आणली आहे. वारा वाढला की बांधकामांची आणि मोकळ्या रानांची धूळ उडते, आणि लोहाचे ऑक्साइड असलेली लालसर धूळही निळा प्रकाश शोषते. सायक्लोन बरीचशी धूळ अडवते, तरी बारीक धूळ आत येतेच. तिच्यामुळे दुपारी घातांक वाढतो आणि कच्च्या आलेखात तो लाकडाच्या धुरासारखा दिसतो. जिथे पीएम १० अचानक वाढले आहे आणि ८८० जागचे हललेले नाही, ते तास वेगळे काढले.

१४ मे २०२५

क्वार्ट्झ फिल्टरवर साठवलेल्या नमुन्यांची उष्णतेने केलेली तपासणी पूर्ण झाली. यात फिल्टरचा तुकडा आधी हेलियममध्ये तापवून सेंद्रिय कार्बन उडवतात आणि मग ऑक्सिजन सोडून उरलेली काजळी जाळतात. त्यामुळे ही मोजणी प्रकाशावर नाही, खऱ्या कार्बनवर टेकलेली असते. गच्चीवरच्या नमुन्यांत एथॅलोमीटरचा आकडा आणि हा आकडा बरोबरीने चढतात-उतरतात. राबाच्या नमुन्यांत मात्र दोहोंची फारकत आहे, आणि ती अपेक्षितच होती: तापवताना सेंद्रिय द्रव्ये करपून त्यांचीच काजळी होते आणि ती कुठे मोजायची याची सीमारेषा धूसर होते. वनस्पती जळताना त्यांच्या सेल्युलोजपासूनच बनणारे लेव्होग्लुकोसान हे रसायन राबाच्या आणि होळीच्या रात्रीच्या फिल्टरवर ठळक आहे. वनस्पती जळल्याची खूण म्हणून एकट्या पोटॅशियमवर विसंबणार नाही. ते फटाक्यांतून आणि कचरा जळण्यातूनही येते.

२७ मे २०२५

मान्सून काल पुण्यात आणि मुंबईत पोहोचल्याचे हवामान विभागाने जाहीर केले. मुंबईसाठी ही आजवरची सर्वांत लवकरची तारीख आहे. आमच्या वेळापत्रकात जूनचा पहिला आठवडा धरला होता, म्हणून शेवटचे नमुने घेता आले नाहीत; पण त्या बदल्यात पावसाने धुतलेली हवा मोजायला मिळाली.

ताजी काजळी पाण्याला दाद देत नाही. ती हवेत काही तास-दिवस राहून तिच्यावर सल्फेट आणि सेंद्रिय द्रव्यांचा लेप चढला की मगच तिच्याभोवती ढगाचे थेंब बनतात आणि ती पावसाबरोबर खाली येते. आलेखात तेच दिसते. मुसळधार सरीनंतर सगळ्याच रेषा तळाला गेल्या, परंतु त्याच संध्याकाळी वाहतूक कोंडली आणि ८८० चे शिखर पूर्वीच्याच वेळी परत आले. घातांक मात्र १ च्या जवळ खाली आला तो खालीच राहिला, कारण ओल्या रानात आता काहीच पेटत नाही आणि पाचटही भिजले आहे. पावसाळ्यातले हे दिवस आम्हाला वाहनांच्या धुराचा निखळ घातांक देतील. समीकरणातला पहिला आकडा तरी आता स्वित्झर्लंडहून आणावा लागणार नाही.

अहवालात वाट्याचा आकडा एक न देता पल्ला म्हणून द्यायचा: खालची मर्यादा १ आणि २ या जोडीची, वरची ०.९ आणि १.६८ ची, आणि तिसऱ्या रकान्यात आमच्या पावसाळी वाहन-घातांकाबरोबर मुळशीत मोजलेला वणव्याचा घातांक. राबाचा घातांक वेगळा ठेवायचा. त्याची सरासरी वणव्यात मिसळायची नाही. छोटे यंत्र जूनअखेर मुळशीतल्या गावच्या शाळेच्या खोलीत बसवायचे आहे. मुख्याध्यापकांनी जागा दिली आहे. पावसात वीज फार वेळा जाते, त्यामुळे बॅटरीची आणि नळीच्या तोंडावर पाऊस न शिरणाऱ्या टोपीची सोय आधी करावी लागेल.